यजमानाचा वाटा

पाहुण्यांना उघडउघड 'पुरे' म्हणणारा आमच्या ऑफिसातला एकमेव गृहस्थ म्हणजे म्हात्रे.

उरणजवळच्या आमच्या कंटेनर यार्डातला सर्व्हर ते सांभाळतात. एक दांडगं मशीन आणि त्याच्या पोटात गेटचं, बिलांचं, कॅमेऱ्यांचं अशी वेगवेगळी आभासी मशिनं. मोठं ते होस्ट, पोटातली ती गेस्ट. म्हात्रे म्हणतात, यजमान आणि पाहुणे. मेमरी सगळ्यांत मिळून एकच, म्हणून प्रत्येक पाहुण्याला त्यांनी मर्यादा घातलेली. यजमानाचा वाटा मात्र सगळ्यांच्या आधी बाजूला काढलेला.

"पाहुना मागनारच," ते म्हणतात. "पन यजमान उपाशी पडला तं पाहुन्यांसकट घर बसंल."

बिलांचं मशीन माझं. ते रखडलं की मी मेमरी मागायला जायचो. "तुमचा पाहुना जेवलाय," म्हणून म्हात्रे मला दारातूनच परत पाठवायचे. साहेबांनी दरडावलं तेव्हा म्हणाले, "माजा राजीनामा घ्या. वाटा मिलनार नाय." इतका कद्रू माणूस मी पाहिला नव्हता.

गावच्या जत्रेला त्यांनी मला जेवायला बोलावलं. हा पाहुण्याला काय वाढतो ते बघायलाच मी गेलो.

घर भरलेलं होतं. बायकोच्या आजारपणात दोन मेहुणे बायकापोरांसह मदतीला आले होते. ती गेली, हे राहिले. खोल्या त्यांच्या, म्हात्र्यांची वळकटी ओटीवर. आणि हा माणूस पंगतीत फिरून "लाजू नका, घ्या" म्हणत जिताडा माशाच्या तुकड्या वाढत होता! मीही दोन हाणल्या.

सगळे उठल्यावर म्हात्रे स्वयंपाकघरात पान घेऊन बसले. मी हात धुवायला आत गेलो. पानात भात आणि टोपाला लागलेलं कालवण, तुकडी नाही. त्या मेहुण्यांना घराबाहेर काढावंसं वाटलं मला.

"म्हात्रे, इथं यजमानाचा वाटा कुठाय?"

ते भात कालवत राहिले.

"बायको होती तवा ती काढून ठेवाची," म्हणाले. "पाहुने किती का असंनात, आदी माजी तुकडी बाजूला. मंग पंगत."

"मग आता तुम्ही काढा की."

"आपलाच वाटा आपनच काढाचा?"

बाहेरून मेहुण्याची हाक आली, "भावोजी, पानी आना!"

म्हात्रे अर्ध्या पानावरून उठले.