गुरुजींचा हिरवा रांजण

सोनकांबळे गुरुजींना चहा दिला की ते कपाकडं बघत म्हणत, "थंड होऊ द्या. पृथ्वीलाबी वेळ लागला." मग धुळीचा ढग, मधे पेटलेला सूर्य, भोवती एकमेकांवर आदळणारे दगड, असं सगळं रीतसर व्हायचं. पृथ्वीवर साय धरेपर्यंत चहावरही धरलेली असे.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी तिथल्या एका कचेरीत हिशेबनीस म्हणून आलो आणि त्यांचा शेजारी झालो. गुरुजी मूळचे कंधारकडचे, शाळेतून निवृत्त, घरात एकटे. पृथ्वीचं वय ते चारशे साठ कोटी वर्षं सांगत. मी चारशे चोपन्न म्हणे.

"सहा कोटीनं काय होतंय, साहेब?"

"आमच्याकडं सहा पैशांवर फाइल परत येते, गुरुजी."

त्यांच्या अंगणात हिरव्यागार पाण्याचा एक रांजण होता. "पहिला जीव असाच पाण्यात आला. आपले पूर्वज हायत," अशी ते आल्यागेल्याला ओळख करून देत. त्या साली पाऊस नव्हता. टँकर आला की गल्लीत घागरींवरून भांडणं लागत. गुरुजी मात्र आपल्या वाट्यातला पहिला तांब्या रांजणात ओतत.

"पूर्वजांची चैन हाय बघा," बायका टोमणा मारत.

"थंड व्हा, ताई," गुरुजी म्हणत.

एकदा ते लग्नाला कंधारला गेले. टँकरचं पाणी गढूळ, म्हणून गल्लीत सगळेच तुरटी फिरवत. गुरुजींना आल्याआल्या नितळ पाणी मिळावं म्हणून माझ्या बायकोनं त्यांच्या रांजणातही तुरटी फिरवली.

गुरुजी परतले, रांजणात वाकले. पाणी आरशासारखं होतं. हिरवं सगळं बुडाशी बसलेलं.

"लई घाण झालं होतं, गुरुजी. नितळ केलं," बायको म्हणाली.

"बरं केलं, ताई." ते पायरीवर बसले. पिशवी हातातच होती.

ती चहा करायला आत गेली तेव्हा हळूच म्हणाले, "आमच्या हिनं भरल्यालं पाणी हाय हे. सकाळी भरलं, आन् दुपारी गेली. बारा वर्षं झाली त्याला. मी उपसलंच न्हाई. कमी झालं की वरून टाकत आलो."

मी रांजणात डोकावलो.

"तुम्ही हिशेबाचे, साहेब. तिचं किती राहिलं असंल ह्यात?"

हिशेब अवघड नव्हता. उन्हाळ्यात रांजण निम्मा आटतो. वरून भरला की जुनं निम्मं उरतं, पुढच्या साली त्याच्या निम्मं. पाझरतं ते वेगळंच. आकडा डोक्यात तयार होता.

"बरंच असंल," मी म्हणालो.

"आकडा?"

"आकडा सांगता येत नाही, गुरुजी."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग मान हलवली. चहा आला. त्यांनी कप घेतला आणि तसाच, कढत, पिऊन टाकला.