टॅमरॅक लेकचा तपकिरी कोळी

माणसाच्या अंगावर उठणाऱ्या प्रत्येक फोडाला एक प्रतिष्ठित कारण लागते. अस्वच्छता हे कारण दुसऱ्यांच्या फोडांसाठी राखीव असते. वय हे कारण बायको सुचवते. जंतू हे कारण डॉक्टर सुचवतात, पण त्याचे पैसे घेतात. राहता राहिला कोळी. कोळी चावला असे सांगितले की माणूस एकाच वेळी निर्दोष, शूर आणि सहानुभूतीस पात्र ठरतो. उत्तर मिनेसोटातील टॅमरॅक लेक या गावात गेल्या हिवाळ्यात कोळी चावल्याच्या अकरा घटना घडल्या. (प्रत्यक्ष कोळी दिसल्याच्या घटना: शून्य. यावरून तो किती धूर्त असावा याची कल्पना यावी.)

पहिली घटना ऑरिन ट्वेट यांच्या डाव्या कोपरावर घडली.

ऑरिन हे लोखंडाच्या खाणीतील पंपांच्या देखभालीत उभा जन्म घालवून निवृत्त झालेले तंत्रज्ञ. तंत्रमहाविद्यालयात त्यांना शिकवले होते की बिघाड शोधताना आधी मोजावे, मग बोलावे. आणि मोजण्यापूर्वी मोजण्याचे साधन तपासून घ्यावे. हे तत्त्व त्यांनी पंपांना, शेजाऱ्यांना आणि पत्नी मार्लिस यांच्या स्वयंपाकाला आयुष्यभर लावले. कोपरावरचा फोडदेखील ते व्हर्नियर कॅलिपर लावून सकाळ-संध्याकाळ मोजत, आलेख काढत आणि कॅलिपर पँटला पुसून खिशात ठेवत. आलेख उत्तम होता. फोड त्याच्याबरहुकूम वाढत होता.

"ऑरिन, हा कोळी नाही," मार्लिस म्हणाल्या. "यात पू आहे."

"विषाने पू होतो."

"तू पाहिलास कोळी?"

"ती तपकिरी जात दिसत नाही कुणाला. लाजाळू असते."

"मग तुझ्याच नात्यातली असेल. तूसुद्धा डॉक्टर म्हटलं की असाच फटीत जाऊन बसतोस."

फटीत बसण्याचे कारण मात्र लाज हे नव्हते. मार्चमध्ये ऑरिन यांच्या उजव्या गुडघ्याच्या जागी नवा गुडघा बसायचा होता. ही तारीख मिळवायला त्यांना वर्ष घालवावे लागले होते. जुना गुडघा जिना चढताना असा वाजे की ते कितव्या पायरीवर आहेत हे मार्लिस वरच्या मजल्यावरून न पाहता सांगत. रुग्णालयाच्या सूचनापत्रात ठळक अक्षरांत छापले होते: अंगावर कोठेही फोड, उघडी जखम अथवा पू असल्यास तात्काळ कळवावे, शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यात येईल. कोळ्याच्या चाव्याचा सूचनापत्रात उल्लेख नव्हता. ऑरिन हे सूचनापत्रातील शब्द न शब्द पाळणाऱ्या पिढीतले होते.

आता मॅमथ्सविषयी. मॅमथ्स हा साठी ओलांडलेल्या गृहस्थांचा बर्फावरील हॉकीचा संघ. गुडघ्याने साथ सोडेपर्यंत ऑरिन त्यात खेळत. त्यानंतर सामान-व्यवस्थापक या नात्याने बाकावर बसून इतरांच्या चुका मोजत. संघाचा एकच अलिखित नियम होता आणि तो लिहिलेल्या सर्व नियमांपेक्षा काटेकोरपणे पाळला जाई: हंगाम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत अंगावरचे सामान धुवायचे नाही. धुतल्याने नशीब वाहून जाते. आदल्या हंगामात संघाने तेवीसपैकी चार सामने जिंकले. (हे न धुता. धुतले असते तर काय झाले असते, याचा विचारच करवत नाही.)

कपडे बदलण्याच्या खोलीत, बेसिनशेजारी, संघाचा टॉवेल टांगलेला असे. एके काळी संघाने जिंकलेल्या उत्तेजनार्थ चषकाबरोबर तो मिळाला होता. चषक हरवला, टॉवेलची निगा राखली गेली. त्याचे मान्यताप्राप्त उपयोग असे: तोंड पुसणे, मान पुसणे, स्केट्सची पाती पुसणे, सांडलेली कॉफी टिपणे, खरचटलेल्या जागेवर दाबून धरणे आणि महत्त्वाच्या सामन्यापूर्वी सर्वांनी हात लावणे. ऑरिन त्याची घडी दर आठवड्याला नव्याने, काटकोनात घालत.

ऑरिन यांच्यानंतर संघातले बड स्टॅनिच यांना पोटरीवर कोळी चावला, मग आणखी दोघांना पाठीवर. तेव्हा ऑरिन यांच्या अध्यक्षतेखाली कोळी निर्मूलन उपसमिती सर्वानुमते स्थापन झाली. सर्वानुमते याचे कारण असे की प्रत्येकाकडे डॉक्टरकडे न जाण्याचे स्वतःचे एक कारण होते आणि दुसऱ्याला ते विचारण्याची गरज समितीमुळे उरली नाही. बसण्याच्या बाकांखाली चिकट सापळे लावण्यात आले. पहिल्या महिन्यातील उपलब्धी: रातकिडे सहा, दातांचा संरक्षक एक, बड यांचा चष्मा, आणि बड यांचाच मोजा (सापळ्याहून अधिक चिकट).

जिल्ह्याच्या कीटकतज्ज्ञ बाईंना पत्र पाठवले गेले. त्यांनी नम्रपणे कळवले की ही तपकिरी जात या जिल्ह्यात नांदत नाही, येथील थंडी तिला मानवत नाही, आणि फोड आलेल्या व्यक्तींनी कृपया डॉक्टरांना दाखवावे. पत्रावर उपसमितीने सविस्तर चर्चा केली. कोळ्याने तज्ज्ञांनाही गुंगारा दिला असल्याचा निष्कर्ष निघाला आणि सापळ्यांची संख्या दुप्पट करण्यात आली.

अकराव्या क्रमांकावर डेल क्रॅल आले. डेल हे गोलरक्षक; ऑरिन यांचे शाळेपासूनचे मित्र, आणि चेंडूऐवजी रबरी चकती अंगावर घेण्याचा छंद असल्याने शरीराच्या तक्रारींविषयी अत्यंत उदासीन. मांडीवर खरचटले, टॉवेल दाबून धरला, आणि आठवड्याभरात तेथे लाल, गरम, अक्रोडाएवढा फोड उभा राहिला.

"ताप आहे का?" ऑरिननी विचारले.

"थोडा. पण ताप तर मला आपला स्कोअर बघूनही येतो."

"माझ्याकडे गोळ्या आहेत. दाताच्या वेळच्या. अँटिबायोटिक. अर्ध्या उरल्यात."

"अर्ध्या का उरल्या?"

"बरं वाटलं म्हणून थांबवल्या. वाया कशाला घालवायच्या?"

"माझ्या मत्स्यालयातल्या गोळ्यापण आहेत," बड मध्येच म्हणाले. "त्याच असतात. माझ्या एकाही माशाला आजवर फोड आलेला नाही."

डेलनी माशांच्या गोळ्या नाकारल्या, कारण ते सारासार विचार करणारे गृहस्थ होते. ऑरिन यांच्या गोळ्या त्यांनी घेतल्या. येथे तांत्रिक खुलासा आवश्यक आहे. अर्धवट घेतलेला औषधाचा क्रम म्हणजे जंतूंसाठी भरवलेले प्रशिक्षण शिबिर. दुबळे गळतात, उरतात ते तरबेज होतात आणि पुढे बाकीच्यांना शिकवतात. आपल्या हाताखालच्या उमेदवारांना ऑरिननी आयुष्यभर जे शिक्षण देण्याचा प्रयत्न केला आणि जे त्यांनी कधी घेतले नाही, ते जंतूंनी एका हप्त्यात आत्मसात केले. डेलच्या मांडीतल्या जंतूंनी तर दाताच्या गोळ्यांची दखलही घेतली नाही.

चौथ्या दिवशी डेल स्वयंपाकघरात कोसळले. संसर्ग रक्तात शिरला होता. शल्यविशारदांनी मांडीचा तळहाताएवढा भाग काढला आणि दोन दिवस डेल शुद्धीवर येतील की नाही हे कोणी ठामपणे सांगेना. प्रयोगशाळेचा अहवाल आला: त्वचेवर राहणारा एक साधा जंतू, नेहमीच्या औषधांना न जुमानणारा. कोळ्याचा उल्लेख अहवालात नव्हता.

ऑरिन भेटायला गेले तेव्हा दारातच त्यांना पिवळा झगा आणि हातमोजे चढवण्यात आले. आयुष्यात प्रथमच ते कोणाला भेटताना धुतलेल्या वस्त्रांत होते.

डेल पांढरेफटक पडले होते. "सापडला का कोळी?"

"शोध चालू आहे."

"तुझ्या गोळ्यांची मुदत संपली होती म्हणे."

"दोनच वर्षं झाली होती."

डेल हसले आणि हसताना त्यांचा चेहरा पिळवटला. मग त्यांनी हात वर केला. "तिथंच थांब. जवळ येऊ नकोस. तुझा गुडघा आहे ना मार्चमध्ये? माझ्यापायी तुला काही लागलं तर मार्लिस मला जिवंत सोडायची नाही. एवढं वर्षभर थांबलास त्यासाठी. मीच कुठून तरी हे आणलं असणार, खोलीत. बाकीच्यांना सांग, सॉरी."

ऑरिन दाराशी उभे राहिले. झग्याच्या बाहीखाली त्यांचे कोपर खाजत होते. चाळीस वर्षांत त्यांनी अनेक पंपांचे मृत्युलेख लिहिले होते आणि प्रत्येकात बिघाडाचे मूळ कारण स्पष्ट शब्दांत नोंदवले होते.  ते म्हणाले, "डेल, पहिला फोड माझा होता."

"माहिती आहे. कोळी."

"नाही," ऑरिन म्हणाले. "फोड."

मग ते दोन मजले खाली गेले, प्रत्येक पायरीवर गुडघा वाजवत, आणि शस्त्रक्रियापूर्व तपासणीच्या नर्स पॅम नीमी यांच्यासमोर बाही वर करून बसले. नाव न पुकारता कोणी असे येऊन बसण्याची पॅम यांना सवय नसावी.

"मिस्टर ट्वेट, हा कधीपासून आहे?"

"नाताळाच्या आधीपासून. माझ्याकडे आलेख आहे."

पॅमनी आलेख पाहिला. "सुंदर काढलाय. हा इथे दाखवायला यायला तुम्हाला नेमकं काय आडवं आलं?"

"तुमचं सूचनापत्र. त्यात कोळ्याचं काही नव्हतं."

"पुढच्या आवृत्तीत घालू," पॅम म्हणाल्या आणि त्यांनी कापसाची काडी ऑरिन यांच्या नाकात फिरवली.

अहवाल दोन दिवसांनी आला. बाकांखाली, भिंतींच्या फटींत, सापळ्यांच्या डिंकात ज्याला हंगामभर शोधले, तो उपसमितीच्या अध्यक्षांच्या नाकात मुक्कामाला होता. सभांना तो नियमित हजर होता; ठरावांच्या वेळी तर व्यासपीठावरच. घडी घालताना टॉवेलला, मोजमापानंतर कॅलिपरला आणि प्रोत्साहन देताना प्रत्येकाच्या पाठीला ऑरिन यांचा हात लागत असे. मोजण्याचे साधन तपासायचे तेवढे राहून गेले होते.

शस्त्रक्रिया शरद ऋतूपर्यंत पुढे गेली. नाकात घालायचे मलम, अंगाला लावायचा विशेष साबण आणि सर्व सामान गरम पाण्यात धुण्याचा आदेश मिळाला. धुलाईच्या दिवशी मॅमथ्स यंत्रापुढे टोप्या काढून उभे राहिले. टॉवेल मधोमध फाटून दोन तुकड्यांत बाहेर आला. कशाने एकत्र राहिला होता हे तेव्हा कळले. पुढचा सामना संघाने जिंकला. (हा निव्वळ योगायोग असल्याचा ठराव मंजूर झाला. विरोधात: कोणी नाही.)

डेल काठी घेऊन, मांडीत खळगा घेऊन वसंतात परतले. त्यांच्या सन्मानार्थ हॉटडिशचे (एकाच भांड्यात सारे घालून भाजलेले) जेवण झाले आणि त्यात पॅम यांनी येऊन अर्धा तास समजावून सांगितले. हात धुवा, टॉवेल आपापला वापरा, फोड झाकून दाखवायला या, उरलेल्या गोळ्या कोणी कोणाला देऊ नका. निरोगी माणसांच्याही नाकात असे जंतू राहतात आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. प्रबोधन कितपत झाले हे मोजण्यासाठी ऑरिननी गुप्त मतदान घेतले: या खोलीत हा जंतू आणखी कोणाच्या नाकात असण्याची शक्यता सर्वाधिक आहे?

चौदा चिठ्ठ्या निघाल्या. स्वतःचे नाव एकानेही लिहिले नव्हते. नऊ जणांनी बड यांचे नाव लिहिले होते, त्यांत एक चिठ्ठी ऑरिन यांच्या वळणदार तांत्रिक अक्षरातली होती. बड यांनी डेलचे लिहिले. पॅम यांनीही मतदान केले होते, आणि त्यांनी तर खोलीत नसलेल्या, आपल्या विभागातल्या एका डॉक्टरांचे नाव लिहिले.

वाचकांनी येथे हसण्याची घाई करू नये. हे सारे ज्याला आवर्जून वाचायला द्यायला हवे, असे एक नाव एव्हाना आपल्याही मनात येऊन गेले आहे, आणि ते आपले नाही. त्या व्यक्तीला हे जरूर द्यावे. तीही शेवटपर्यंत वाचेल, मान डोलावेल, आणि तिच्या मनातही एक नाव येईल. ते कोणाचे असेल, हे तिला विचारू नये.