शिरसाटसाहेबांची कॅमेरा-तपासणी

राजवाड्यामागच्या गल्लीतल्या दुकानात शिरसाटसाहेब कॅमेरा हातात घेतात आणि तो हात थंडी वाजल्यासारखा थरथर हलवायला लागतात. मोजून दहा सेकंद. मग स्क्रीनवर काय टिपलं ते बघतात आणि दुकानदारावर कडाडतात, "ह्याला कॅमेरा म्हणता?"

हा प्रकार मी सलग पाच रविवार पाहिला आहे. आठवड्यात मला सुट्टी एकच असते, हे आधीच नोंदवून ठेवतो.

शिरसाट सुदामा नगरात माझे शेजारी. वीज खात्यात मीटर तपासण्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झाले. वडील महूला फौजेत होते. परेडचा आवाज यांच्याकडे वारशाने आला. "लोड नसताना सगळेच मीटर शहाण्यासारखे वागतात, नाईकजी. लोडवर बघू!" हे त्यांचं पालुपद. मी नवी खुर्ची आणली, तेव्हा हे तिच्या हातावर बसले. हात निखळला. खुर्ची माझी, नुकसान माझं, आणि संताप यांचा: "लोकांना सरळ फसवतात!"

या वयात त्यांना व्हिडिओ काढायचा कॅमेरा हवा झाला. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, म्हणून हलका. त्यातलाही सगळ्यात साधा, नवशिक्यांसाठीचा. आकडे तपासायला मला सोबत घेतलं. मी घरचा वजनकाटा नेला. डब्यावर तीनशे सत्तर ग्रॅम, काट्यावर पाचशे साठ.

"वो बिना लेन्स का वजन है, भिया," दुकानदार म्हणाला.

"माणसाचं वजन डोकं काढून सांगता का?" शिरसाट गरजले. इथे मी त्यांच्या बाजूचा होतो.

पुढे मात्र नव्हतो. त्यांनी मला दुकानासमोर वीस पावलं जायला नि वीस पावलं यायला लावलं आणि थरथरत्या हाताने माझा व्हिडिओ काढला. चित्र स्थिर ठेवण्याची सोय चालू केली, तर कॅमेऱ्याने चारी कडा कापल्या आणि माझे दोन्ही कान गेले.

"स्थिर करायला सांगितलं होतं, हजामत करायला नाही!"

"अंकलजी, हाथ सीधा रखो ना. या ट्रायपॉड ले लो. बिगिनर के लिए बेस्ट है ये."

"बिगिनर म्हणजे कोण? ज्याचं वय वीस आणि हात दगडाचा, तोच? आणि तिपाई घेऊन पाखरामागे कोण धावतं?"

बटणं कमी आणि सगळं स्क्रीनवर, यावरून वेगळा अर्धा तास भांडण झालं. पाचवा कॅमेराही नापास.

परतताना माझा संयम संपला. "साहेब, तुमचा हात खांबासारखा आहे. हे नाटक कशासाठी? माझे पाच रविवार गेले!"

  त्यांच्या घरी आल्यावर ते हळू आवाजात "चहा घेऊन जा" एवढंच म्हणाले.

चहा वहिनींनी आणला. शाळेत चित्रकला शिकवायच्या त्या. गेले काही महिने बाहेर फारशा दिसल्या नव्हत्या. कप बशीत वाजत होता. शिरसाटांनी उठून तो हळूच काढून घेतला आणि माझ्यापुढे ठेवला.

"ब्रश आता ऐकत नाही, भाऊजी," वहिनी हसून म्हणाल्या. "म्हटलं, बागेत फिरताना फुलांचे, पाखरांचे व्हिडिओ तरी काढावेत. पण फोनला बोट लावलं की भलतंच उघडतं. हे म्हणतात, थांब, चांगला कॅमेरा बघतो. केव्हाचे बघताहेत!"

वहिनींचा हात मांडीवर होता. मोजायची माझी सवय वाईट. सेकंदाला पाचेक वेळा, डावीकडून उजवीकडे. दुकानात पाच रविवार पाहिली तीच थरथर, तंतोतंत. शिरसाट बंद पंख्याकडे रागाने बघत होते.

सहाव्या रविवारी मी त्यांच्या आधी तयार होतो. दुकानात नवा कॅमेरा मीच उचलला आणि हात हलवायला लागलो.

"अरे नाईकजी, अब आप भी?"

"लोड पे देख रहे हैं, सेठ!" मी इतका ओरडलो की रस्त्यावरचे दोघे थांबले. "चुपचाप देखने दो!"

शिरसाटांनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली.

"जरा हळू, नाईकजी," ते म्हणाले. "तिचा एवढा नाही हलत. अजून."