संपदाच्या कपाला मी दिलेलं फिटिंग

मापात चूक? आणि माझ्या हातून? शक्यच नाही! मोरव्यात तेवीस वर्षं शिलाईचं दुकान चालवतोय मी. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की नुसत्या नजरेनं कंबर सांगतो. टेप लावतो ती त्याच्या समाधानासाठी!

पण माझ्याहून सरस निघाली आमची लेक संपदा. कप-बशांच्या कारखान्यात आधी प्लास्टरचा एक मूळ नमुना घडवतात, त्यावरून साचा काढतात आणि साच्यातून हजारो कप. तो नमुना घडवायचा कोर्स ती भाईंदर पूर्वेला करते. आमच्या सात पिढ्यांनी मिठागरात चिखल तुडवला, पण चिखलाचं सर्टिफिकेट आणणारी ही पहिलीच! हे सांगताना माझा स्वतःचा शर्ट मला दोन इंच तंग होतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, रविवारी, तिने नमुना घरी आणला. पांढराशुभ्र कप, बघत राहावं असा! "उद्या दहा वाजता सबमिट करायचाय. कोणी हात लावू नका हं," असं बजावून ती मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली.

मी हात लावला नाही. फक्त टेप लावली!

सोबतच्या ड्रॉइंगवर उंची होती दहा सेंटीमीटर. टेपवर आली सव्वाअकराच्याही वर! घेरही जास्त! पुन्हा मोजलं, तरी तेच! ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं, पण चष्मा दुकानात राहिलेला, आणि बारीक अक्षरांत महत्त्वाचं कोण लिहितं?

शेजारचे मितेशभाई पँट अल्टर करायला घेऊन आले होते. त्यांनी कप फिरवून पाहिला.

"दत्ताभाई, ये तो बडा हो गया!"

"नापास होईल हो पोरगी!"

"तो थोडा घिस डालो ना. पँट में नहीं करते क्या?"

पटलं! पॉलिश पेपर काढला आणि बसलो घासायला. डावीकडे घासलं तर उजवीकडे फुगीर दिसायला लागलं. उजवीकडे घासलं तर तोंड तिरकं झालं. माकडाने लोणी वाटावं तसं माझं चाललं होतं. दोन तासांनी कप बरोब्बर दहा सेंटीमीटर! मितेशभाईंनी टाळी दिली. आम्ही दोघं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरेफटक.

तेवढ्यात संपदा आली. मागोमाग बाजारातून मनोरमा, आमची सौभाग्यवती.

"बघ! मापात बसवला!" मी छाती फुगवून म्हणालो.

"पप्पा!" ती किंचाळलीच. "भट्टीत माती आकसते! म्हणून नमुना मोठाच करायचा असतो! आता यातून निघेल तो कप नऊ सेंटीमीटरसुद्धा भरणार नाही!"

मनोरमाने पिशवी खाली ठेवली. "अहो, जन्मभर गिऱ्हाइकांना सांगताय, कॉटन भिजवून आणा, आकसतं म्हणून. मातीच्या वेळी कुठे गेली अक्कल?"

मितेशभाई पँट तिथेच टाकून पसार झाले.

संपदाचे डोळे भरून आले. "नमुना नसेल तर परीक्षेला बसूच देत नाहीत, पप्पा." सहा महिन्यांचा कोर्स मी दोन तासांत पावडर केला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण पोरगी माझी! डोळे पुसले आणि शिकवणाऱ्या सुचेता मॅडमना फोन लावला. सकाळी सात वाजता वर्कशॉप उघडून मिळालं. प्लास्टरची गोणी मी वाहिली, तेवढीच परवानगी होती. टेप मनोरमाने काढून घेतली होती.

संपदाने प्लास्टर ओतलं, घट्ट झाल्यावर चाकावर चढवलं आणि पात्याने असं काही सोलत गेली की मी दारात श्वास रोखून उभा! साडेनऊला नवा कप तयार. आधीच्याहून देखणा! खरं सांगतो, इतका स्थिर हात तेवीस वर्षांत माझाही चालला नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते मी प्लास्टरच्या धुळीवर ढकललं.

पोरगी वर्गात पहिली आली! शिवाय मी घासलेला कप मॅडमनी मागून घेतला आणि वर्गातल्या काचेच्या कपाटात मांडला. माझं काम काचेच्या कपाटात! अख्ख्या मोरव्याला दाखवायला नेणार होतो, पण कपाखाली संपदाच्या सुवाच्य अक्षरात एक चिठ्ठी आहे, म्हणून बेत रद्द केला.

"नमुने पालकांपासून दूर ठेवावेत."