लशीच्या रांगेतली घागर

चितेगावच्या पुढच्या एका गावात शाळेतल्या लसीकरणाला एकही मुलगी आली नाही, कारण नेमका त्याच वेळी टँकर आला. शहर पैठण रस्त्यानं गावाच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं, शहराचं पाणी मात्र आलं नव्हतं. टँकर आला की पोरी वर्गात नसतात, घागरीमागं असतात, हे साहेबलोकांना कोण सांगणार? त्यांनी नर्स मनस्विनीला लशीचा डबा देऊन रिक्षानं पाठवलं होतं. जीपला पैसे नव्हते. दुसऱ्या फेरीला तर मुळीच नव्हते.

मुख्याध्यापिका भानुमतीबाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांची सख्खी बहीण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं गेली होती, आणि ही लस तोच कॅन्सर टाळणारी. त्या पदर खोचून थेट टँकरपुढं उभ्या राहिल्या.

"गोकुळ, टँकर शाळेत घे."

"बाई, सरपंच मला खातील."

"त्याला मीच शिकवलंय. घे म्हणते ना."

टँकर मैदानात आला. मागोमाग पोरी आल्या, पोरींमागं अख्खं गाव. पण व्हरांड्यात, लशीच्या टेबलापुढं, कुणीच फिरकेना. सगळ्या पोरी त्यांच्या म्होरकीकडं, श्रेयाकडं बघत होत्या आणि श्रेया आजीकडं. आजी म्हणजे सरूबाई. 'सुई टोचली की पोरी वाळून जात्यात' असं तीच सकाळपासून गावभर सांगत होती.

मैदानात ही गर्दी. व्हरांडा मोकळा दिसला तशी सरूबाईनं तिथंच, टेबलापुढं घागर टेकवली. ती करेल ते शेजारच्या साळूबाईनं करायचंच, म्हणून मागं दुसरी घागर आली.

"आजी, ही सुईची लाइन आहे," मनस्विनी म्हणाली.

"असंना. नंबर माझा हाय."

"मग नातीला बोलवा."

"ती नाय घ्यायची."

साळूबाई पुढं सरकली. "मंग हो बाजूला. माझ्या नातीचा लागू दे पयला नंबर."

झालं! दुष्काळात लावलेला नंबर सोडायचा, आणि तोही साळूबाईला? सरूबाईनं कंबरेवर हात ठेवले.

"श्रेया, ये इकडं. बाही वर कर."

श्रेयाला तेच हवं होतं. ती सुई घेऊन हसत उठली आणि ते बघून पोरींनी रांग लावली. संध्याकाळच्या आत डबा रिकामा झाला. भानुमतीबाई ऑफिसात जाऊन एकट्याच डोळे पुसून आल्या. बाई असावी तर अशी.

तोवर मैदानातला टँकरही संपला होता.

"घागर रिकामीच ऱ्हायली की गं तुझी," साळूबाई म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. पयला नंबर कुणाचा लागला, ते सांग."