पेडल, पास्टर आणि न संपणारं आमेन

वायर असलेली कुठलीही वस्तू माझ्यापुढे चळचळा कापते! उगाच फुशारकी नाही मारत. कित्वे शहरात आमच्या गल्लीतले टीव्ही, इस्त्र्या, पाण्याचे पंप, सगळं मीच जोडून दिलंय. त्यातलं काही काही अजून चालूसुद्धा आहे.

म्हणून चर्चमध्ये नवा डिजिटल पिआनो आला तेव्हा त्याला मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. वाजवणारा मीच आणि जोडणाराही मीच! खाली तीन पेडलं, त्यांना एकच वायर, आणि मागे भोकं चार. चौथ्या भोकात वायर बसली. घरी मात्र ‘पहिल्या झटक्यात जमलं’ असं सांगितलं.

उजवं पेडल म्हणजे तर जादूच! पायानं दाबून ठेवा, बोटं उचलली तरी सूर वाजतच राहतो. पाय उचलला की गप्प. मी रोज संध्याकाळी जाऊन ते घासत होतो. पिआनोपुढची ती खुर्ची म्हणजे माझा जीव की प्राण हो!

आणि त्याच खुर्चीवर चोलाच्या आईचा डोळा. त्या आमच्या गायनमंडळाच्या प्रमुख. त्यांच्यासमोर पास्टरसुद्धा खोकायच्या आधी विचार करतात.

“कोम्बेचे बाबा,” त्या म्हणाल्या, “ढोलाला वायर लागत नाही. आपल्या गल्लीतल्या लोम्बेच्या लग्नात तुमच्या या पेटाऱ्यानं एकदा जरी घोळ घातला, तर पुन्हा ढोल आणि तुम्ही मागच्या बाकावर!”

“अहो, घोळ कसला घालतोय? मी जोडलाय तो!”

“म्हणूनच म्हणतेय.”

आता आमच्या चर्चची एक रीत सांगायला हवी. पास्टर सिन्यांग्वे प्रार्थना अशी करतात की दगडाला पाझर फुटावा, पण थांबायचं कुठे ते त्यांना उमगत नाही. म्हणून त्यांच्या बायकोनंच नियम घालून दिला. पिआनो मंद वाजतोय तोवर प्रार्थना. तो थांबला की पास्टरनी ‘आमेन’ म्हणायचं. मग सगळे उठतात, गायनमंडळ ‘आमेन’ गातं, मी त्याखाली तीन भरदार सूर देतो, झालं!

लग्नाचा दिवस उजाडला. लोम्बे आणि तिचा नवरा गुडघ्यावर, सगळी मंडळी गुडघ्यावर. मी ऑर्गनचा आवाज लावून, डोळे मिटून, पेडल दाबून वाजवतोय... आणि लाइट गेली! लोडशेडिंग! प्रार्थना अर्धीच राहिली म्हणून पास्टर ‘आमेन’ न म्हणता नुसतेच थांबले. मागे जनरेटर ओढायची खटपट सुरू झाली. मी मात्र पेडलवरचा पाय हलवला नाही. कलाकारानं आसन सोडायचं नसतं!

तिथेच माती खाल्ली. पिआनो चालू होताना पेडल जसं असेल तसं ते ‘मोकळं’ असं धरून चालतो. मी तर दाबून बसलेलो! झालं, सगळं उलटं. पाय दाबला की सूर बंद, उचलला की सूर थांबायचं नावच नाही. हे मला मागाहून कळलं. त्या वेळी फक्त घाम फुटला.

जनरेटर धडधडला, मी पुन्हा ऑर्गन लावला, पास्टर पुन्हा सुरू झाले. सूर उचकी लागल्यासारखे तुटक यायला लागले, म्हणून मी घाईनं हात उचलले. शांतता.

“आमेन!” पास्टर म्हणाले. सगळे उठले. मी हुश्श करून पाय उचलला आणि तीन सूर दिले. तिन्ही सूर थांबेनातच! ऊंऊंऊं...

पास्टरचे डोळे मिटलेले. “आणि हे प्रभू, सासरच्या मंडळींनाही...”

धपाधप सगळे पुन्हा गुडघ्यावर!

घाबरून मी पेडलवर पाय आपटला. सूर बंद. “आमेन!” सगळे उठले. गायनमंडळ गायला लागलं, मी पाय काढून तीन सूर दिले. ऊंऊंऊं...

“आणि हे प्रभू, होणाऱ्या लेकराबाळांनाही...”

“काका, पुरे ना!” लोम्बे झग्याच्या घोळातून माझ्याकडे बघत कुजबुजली.

“माझी पँट उसवली,” नवरा म्हणाला.

“थांबवा!” चोलाची आई दातओठ खात म्हणाली.

“थांबवतोच आहे!”

तुम्ही म्हणाल, सरळ बटण का नाही दाबलं? अहो, सगळ्यांदेखत बटण बंद करायचं म्हणजे यंत्रानं घोळ घातला हे कबूलच की! गेली खुर्ची!

पास्टर शेजाऱ्यांपर्यंत पोचले, मग शेजाऱ्यांच्या कोंबड्यांपर्यंत. शेवटी देवालाच दया आली. जनरेटरचं डिझेल संपलं.

“आमेन!!!” पास्टरच्या आधी सगळेच ओरडले. छप्पर हादरलं.

चोलाची आई गायनमंडळाच्या नेहमीच्या पदन्यासात नव्हे, पाय आपटत माझ्याकडे निघाली. मी मनातल्या मनात मागचा बाक पुसून घेतला. तेवढ्यात नवऱ्या मुलाची आजी, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी, आडवी आली.

“इतकी लग्नं पाहिली गं बाई, पण एका जोडप्यावर इतक्यांदा आशीर्वाद? कधी नाही! हे लग्न आता वादळानंही हलायचं नाही. वाजवणारा देवानंच धाडलाय!”

वडीलधाऱ्या माणसाचा शब्द खोडायचा कसा? चोलाच्या आईनं मान डोलावली. “हो ना, आजी. आम्हीच ठेवलाय त्याला.”

खुर्ची वाचली! त्या दिवशी मक्याच्या पिठाची न्शिमा आणि कोंबडी मी इतकी हाणली की बायकोनं ताट ओढून घेतलं.

पुढच्या रविवारी मी पिआनो पाय वर घेऊन चालू केला. पेडल सुतासारखं सरळ! असा वाजवला, असा वाजवला, की माझेच डोळे भरून आले. प्रार्थना वेळेत संपली. मी थेट आजींसमोर आमच्या रीतीप्रमाणे गुडघे टेकून, टाळ्या वाजवून नमस्कार केला.

“आजी, कसं वाटलं आजचं?”

त्यांनी माझा हात चाचपला आणि मायेनं थोपटला.

“बरं वाजवतोस हो, बाळा. शिकशील हळूहळू. पण लग्नात वाजवलं ना, तो खरा कलाकार! ही खुर्ची त्याला द्या, असं मी चोलाच्या आईला सांगून ठेवलंय.”

आणि जन्मात कधी न हसणारी चोलाची आई माझ्याकडे बघत गोड हसली.

“शोधतोय आम्ही त्याला, आजी. सापडला की लगेच बसवतो!”