चालू एसीच्या तक्रारी

विमानतळावर निघताना त्याने बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं, "तू अजिबात काळजी करू नकोस. माणसं जोडायला मला आठ दिवस पुरतात. महिन्याभरात माझ्या घरी बसायला खुर्च्या कमी पडतील, बघशील तू!"

बायको म्हणाली, "आधी तिथे खुर्च्या आहेत का, ते बघा."

दोन होत्या. त्यातली एक प्लास्टिकच्या वेष्टनात होती, आणि महिना उलटला तरी ते वेष्टन काढायची वेळ आली नाही.

आता हे का घडलं ते सांगायला हवं, कारण माणूस काही मुखदुर्बळ नव्हता. गावाकडे त्याला सगळे गप्पीदास म्हणत, आणि हे नाव त्याने मेहनतीने कमावलेलं होतं. भाजी आणायला गेला की भाजीवाल्याच्या मेहुण्याचं लग्न कुठे अडलंय, ते सविस्तर ऐकून यायचा. भाजी विसरून यायचा. सेहेचाळिसाव्या वर्षी त्याला परदेशात दोन वर्षांच्या कराराची नोकरी मिळाली. एका बांधकाम कंपनीत इमारतींचे नकाशे तपासायचे, जिने, दारं, खिडक्या यांची मापं जुळतात की नाही ते बघायचं. मुलगी बारावीला होती, म्हणून बायको मागे राहिली आणि हा एकटाच आला.

शहर असं की सकाळी आठ वाजता बसथांब्यावरचा लोखंडी बाक चटका द्यायचा. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. पण जो तो घाईत, आणि घाईत नसेल तो उन्हाने वैतागलेला. ऑफिसात गप्पीदासच्या खोलीत नऊ माणसं होती आणि नऊही माणसांच्या कानांवर हेडफोन. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा ईमेल आला, "तुमची पेन्सिल घरंगळून माझ्या बाजूला आली आहे. कृपया घेऊन जावी." दोन टेबलांमध्ये अंतर होतं हातभर.

मग त्याने शेजाऱ्यांकडे मोर्चा वळवला. घरून आणलेल्या खाऊचा डबा घेऊन समोरच्या दाराची बेल वाजवली. दार चार बोटं उघडलं. आतून एक हात आला, त्याने डबा घेतला आणि आवाज आला, "सही कुठे करू?"

"नाही, सही नको. मी समोरच राहतो."

"बरं," आवाज म्हणाला, आणि दार लागलं. डबाही गेला.

सुट्टीच्या दुपारी तर फार वाईट जायच्या. बायको आणि मुलगी क्लास, परीक्षा यात गुंतलेल्या. फोन व्हायचा तो दहा मिनिटांचा, आणि त्यातली सात मिनिटं "जेवलात का, काय जेवलात" यात जायची. तेवढ्यात आपण किती मजेत आहोत हेही सांगायचं असायचं. फोन ठेवला की खोली जास्तच गप्प वाटायची. एकदा लिफ्टमधल्या ध्वनिमुद्रित बाईने "दार बंद होत आहे" असं सांगितलं, तेव्हा गप्पीदास म्हणाला, "होऊ दे, होऊ दे. तुमचं बरं चाललंय ना?" आणि मग स्वतःचीच त्याला भीती वाटली.

अशात एके दिवशी एसीतून पाणी गळायला लागलं.

इमारतीचे सगळे एसी एकाच कंपनीकडे दिलेले होते. फोनवर तक्रार नोंदवली की माणूस यायचा. तो आला. पन्नाशीकडे झुकलेला, हातात शिडी, खांद्याला अवजारांची पिशवी. त्याने दारात बूट काढले, सरळ शिडीवर चढला आणि म्हणाला, "पाइप तुंबलाय, साहेब. अर्धा तास लागेल."

अर्धा तास! गप्पीदासला लॉटरी लागल्यासारखं झालं. त्याने चहा टाकला. एसीवाला आधी नको म्हणाला, मग अर्धा कप म्हणाला, मग पूर्ण कप प्याला. खुर्चीचं वेष्टन निघालं. एसीवालाही लांबचाच होता, अठरा वर्षांपूर्वी इथे आलेला. गावी वरचा मजला चढवायचं चाललं होतं आणि भावाशी वाद पेटला होता. जिना घरातून घ्यायचा की बाहेरून?

"बाहेरून," गप्पीदास म्हणाला. "घरातून घेतलात तर पुढची खोली खाऊन टाकेल तो."

"मी पण तेच म्हणतो! पण भाऊ ऐकत नाही ना."

गप्पीदासने कागद ओढला आणि जिना काढायला घेतला. पायरी सात इंच उंच, दहा इंच रुंद, मध्ये वळण. एसीवाला कागदावर वाकून बघत राहिला. बघता बघता दीड तास झाला. जाताना तो म्हणाला, "कठड्याचं राहिलंच की, साहेब."

कठड्याचं राहिलं होतं, हे खरंच होतं. आता तुम्ही म्हणाल, मग सरळ सांगायचं ना, सुट्टीला या म्हणून. पण एवढ्या मोठ्या शहरात परक्या माणसाला कारण नसताना घरी बोलवायचं कसं? तो काय समजेल? गप्पीदासची जीभ तिथेच अडली. बोलक्या माणसाची जीभ अडली की ती भलत्याच ठिकाणी सुटते. सहाव्या दिवशी त्याने दुसरी तक्रार नोंदवली, "एसीचा आवाज येतो."

एसीवाला आला. पॅनेल काढून कान लावला. आवाज नव्हता. कठडा मात्र झाला.

तिसरी तक्रार, "वास येतो." फिल्टर धुऊन झाले आणि वरच्या मजल्यावर गच्ची ठेवायची का, याचा निकाल लागला. चौथ्या तक्रारीला गप्पीदासला काहीच सुचेना, म्हणून त्याने सांगितलं, "फार थंड होतं." एसीवाल्याने रिमोट हातात घेतला, तापमान तीनने वाढवलं आणि गप्पीदासकडे टक लावून पाहिलं. पण चहा तयार होता.

तिकडे फोनवर बायकोला फुशारकी सांगून झाली, "एक मित्र येतो आता घरी. नेमाने."

"काय करतो?"

"तांत्रिक क्षेत्रात आहे."

इथे एक गोष्ट त्याच्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. एसीवाला हल्ली गप्पांत पहिल्यासारखा रंगत नव्हता. मध्येच उठून एसीखाली उभा राहायचा. एकदा म्हणाला, "अठरा वर्षांत असं मशीन बघितलं नाही, साहेब. गॅस बरोबर, पंखा बरोबर, सगळं बरोबर. तरी बिघडतंय. माझं काय चुकतंय, तेच कळत नाही." गप्पीदास म्हणाला, "जाऊ द्या हो, यंत्रच ते," आणि बिस्किटं पुढे केली.

पाचवी तक्रार होती, "मधूनच थांबतो." या वेळी बेल वाजली आणि गप्पीदासने दोन कप हातात घेऊनच दार उघडलं. दारात तीन अनोळखी माणसं आणि एक भलामोठा खोका.

"नवीन मशीन बसवायला आलोय," पुढचा म्हणाला. तो सुपरवायझर होता.

"नवीन कशाला? जुनं उत्तम आहे!"

सुपरवायझरने फोन काढून वाचून दाखवलं. "पाणी गळतं, आवाज येतो, वास येतो, फार थंड होतं, मधूनच थांबतो. हे उत्तम?"

गप्पीदासने विषय बदलला. "नेहमीचे भाऊ नाही आले?"

"त्याला घरी बसवलंय. एकाच घरातून एका महिन्यात पाच तक्रारी आल्या की दुरुस्ती येत नाही असं धरतात. सोमवारी निर्णय आहे. बहुतेक गावी पाठवतील."

गप्पीदासने हातातले दोन्ही कप तिथेच खाली ठेवले. मागे भिंतीवर ड्रिल सुरू झालं होतं, खोलीभर चुन्याची धूळ, आणि तो मध्ये उभा राहून ओरडत होता, "अहो, थांबा! त्याची चूक नाही!" पण ड्रिलपुढे कोण ऐकतो?

ते गेल्यावर त्याने हेल्पलाइनला फोन लावला. नवीन तक्रारीसाठी एक दाबा, जुन्या तक्रारीसाठी दोन दाबा. तक्रार मागे घेण्यासाठी काहीच दाबता येत नव्हतं. त्याने दोन दाबलं. वीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक बाई आली.

"माझ्या सगळ्या तक्रारी रद्द करा," गप्पीदास म्हणाला. "मेकॅनिक अतिशय हुशार माणूस आहे. एसीला काहीही झालेलं नाही."

"काहीही झालेलं नाही," बाई टाइप करत म्हणाली. "म्हणजे ग्राहक कामावर समाधानी नाही?"

"समाधानी आहे हो! फार समाधानी आहे!"

"आवाज चढवू नका, सर."

फोन ठेवल्याबरोबर मेसेज आला. 'आपली सहावी तक्रार नोंदवली आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

सोमवारी त्याने ऑफिसला दांडी मारली आणि भर दुपारी, डोक्यावर रुमाल टाकून, दोन बस बदलत कंपनीची कचेरी गाठली. आत बाकावर एसीवाला बसला होता. आज खांद्याला पिशवी नव्हती, त्यामुळे त्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. गप्पीदासला बघून तो गडबडीने उठला.

"साहेब, नवीन पण बिघडलं?"

गप्पीदासला त्याच्या तोंडाकडे बघवेना. तो तडक काउंटरवर गेला. काउंटरमागे सुपरवायझर होता आणि रांगेत मागे सातआठ माणसं.

"मला लिहून द्यायचंय," गप्पीदास म्हणाला. "तक्रारी खोट्या होत्या."

सुपरवायझरने एक फॉर्म सरकवला. "तक्रारीचं खरं कारण इथे लिहा. चौकटीत."

चौकटी होत्या. गळती, आवाज, वास, थंडावा कमी, विद्युत बिघाड. शेवटची होती 'इतर'. गप्पीदासने 'इतर'वर खूण केली आणि पुढच्या ओळीवर पेन टेकवून बराच वेळ उभा राहिला. मागच्या माणसाने खाकरून दाखवलं. शेवटी त्याने दोन शब्द लिहिले.

सुपरवायझरने ते मोठ्याने वाचले. "करमत नव्हतं."

मागची रांग पुढे वाकली.

"म्हणजे एसी चालू होता?"

"उत्तम चालू होता."

"मग माणूस कशाला बोलावलात?"

"बोलायला."

"पाचही वेळा?"

"पहिल्या वेळी पाणी खरंच गळत होतं," गप्पीदास म्हणाला. प्रामाणिकपणा दाखवायची ती काही वेळ नव्हती, पण तोंडातून गेलं.

रांगेत कुणीतरी हसलं. एसीवाला हसला नाही. तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, मी महिनाभर नीट झोपलो नाही. मला वाटलं, हात गेला माझा. आता काम जमत नाही म्हणून गावी जाऊन काय तोंड दाखवू, ते ठरवत होतो. आणि तुम्ही समोर बसून मला बिस्किटं देत होता."

गप्पीदासने नुसते हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदाच. एसीवाल्याने ते पाहिले आणि तो बाहेर निघून गेला.

नोकरी वाचली. संध्याकाळी तसा मेसेज आला, खाली एक टीपही होती. 'आपले नवीन यंत्र दोन वर्षे निर्धोक चालेल. आमच्या प्रतिनिधीस येण्याची आवश्यकता भासणार नाही.' यंत्र होतंही तसंच, आवाज नाही, वास नाही, एक थेंब नाही. त्याच्याखाली बसून गप्पीदास तीन सुट्ट्या भिंतीकडे बघत होता. बायकोने विचारलं, "मित्र येतो की नाही हल्ली?" त्याने सांगितलं, कामात आहे. स्वतःचा राग येत होता. परक्या शहरात एक माणूस मिळाला होता, आणि त्याच्या तोंडचा घास आपण काढून घ्यायला निघालो होतो!

चौथ्या सुट्टीला दुपारी बेल वाजली. दारात एसीवाला. अंगात फुलाफुलांचा शर्ट, शिडी नाही, पिशवी नाही.

गप्पीदास दोन पावलं मागे सरला. "देवाशपथ, मी तक्रार केलेली नाही!"

"माहितीये."

"मग काय काम काढलंत?"

"काम नाही," एसीवाला म्हणाला. बूट काढता काढता, खालीच बघत. "बसायला आलो."

गप्पीदासने खुर्ची पुढे केली, पुसलेली होती तरी पुन्हा पुसली. एसीवाला बसला आणि त्याने वर एसीकडे अगदी कंटाळून पाहिलं.

"आधी हे बंद करा, साहेब. सहा दिवस मी यांच्यातच असतो. सुट्टीच्या दिवशी तरी डोळ्यासमोर नको."

गप्पीदासने ताबडतोब एसी बंद केला. खिडकी उघडली, तशी बाहेरची सगळी दुपार आत घुसली. दहा मिनिटांत दोघांचे शर्ट पाठीला चिकटले. वर गरम चहा. पण बैठक अशी जमली की दोघांपैकी कुणी उठायचं नाव घेईना. दीड तासाने बायकोचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा गप्पीदास नखशिखांत निथळत होता आणि शेजारी एसीवाला गळ्याला टॉवेल गुंडाळून बसला होता.

"अगं, हे बघ, हेच ते माझे मित्र," गप्पीदास म्हणाला.

"नमस्कार भाऊजी," बायको म्हणाली, आणि मग नवऱ्याकडे बघून घाबरली. "अहो, काय ही दशा! एसी बिघडलाय वाटतं? मग बसलात काय असे, तक्रार करा ना!"

"नको," दोघेही एकदम म्हणाले.